फेब्रुवारीत मालवणला जेवायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर देवबागचं, सासर कुडाळचं. जानेवारी सरत आला की पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, फक्त विचारणारे बदलतात. यंदा एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

एक आधीच सांगते. ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ याचं उत्तर इथे नाही. आमच्याकडे रांधणारं माणूस बदललं की चव बदलते, आणि दोन वर्षांपूर्वी ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं तिथे आज गेलात तर मला शिव्या घालाल. जेवण कसं ठरवायचं तेवढं सांगते. ते जमलं की हॉटेल आपोआप सापडतं.

डिसेंबर सोडून फेब्रुवारीत कशाला यायचं?

नाताळ ते 1 जानेवारी या दिवसांत मालवण, तारकर्ली, देवबाग इथे पाय ठेवायला जागा नसते. स्वयंपाकघरात एकटी वहिनी आणि बाहेर 60 माणसं ताटकळलेली. त्या दिवसांत कुठल्याही घरगुती खाणावळीची चव पारखू नये, अन्याय होतो.

26 जानेवारीची जोडून आलेली सुट्टी संपली की गर्दी ओसरते. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, पाठोपाठ दहावीची, त्यामुळे मुलाबाळांची घरं हलत नाहीत. शनिवार-रविवार सोडले तर किनारा मोकळा, खोल्या मोकळ्या आणि रांधणाऱ्यांना बोलायला वेळ. मंगळवार ते गुरुवार आलात तर उत्तम. समुद्र बहुतेक शांत असतो. उत्तरेचं वारं कधी दोन-तीन दिवस जोरात सुटतं, तेवढे दिवस छोट्या होड्या किनाऱ्यालाच असतात. म्हणून एकच दिवस हातात धरून येऊ नका, दोन तरी ठेवा.

थंडी असते का?

पहाटे आणि रात्री असते, दुपारी नाही. पहाटे पारा 20 च्या आसपास, दुपारी 32-33 च्या घरात. दिवसभर समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री तो फिरतो आणि जमिनीकडून मतलई वारा सुटतो. रात्री उघड्यावर जेवायला बसणार असाल तर पातळशी शाल ठेवा. खाडीच्या बाजूला बसणार असाल तर शालीपेक्षा डासांचं मलम जास्त उपयोगी पडतं.

या दिवसांत मासा कुठला खायचा?

हा प्रश्न उलटा विचारायला शिका. ‘सुरमई आहे का?’ असं विचारलंत की उत्तर ‘आहे’ असंच येणार, मग ती आजची असो नाहीतर चार दिवस बर्फात झोपलेली असो. ‘आज काय आलंय?’ असं विचारा. तुम्हाला मासा कळतो की नाही हे समोरच्याला या एका प्रश्नावरून समजतं, आणि त्यानंतर तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

तरी यादी हवीच असेल तर घ्या. बांगडा या दिवसांत हमखास मिळतो, चांगला मिळतो आणि स्वस्त असतो. त्याचं तिरफळ (मसाल्यात घालायचं झणझणीत सुकं फळ) घातलेलं दाटसर तिखलं आणि तांदळाची भाकरी यापुढे मला तरी दुसरं काही सुचत नाही. शहरातले लोक बांगड्याला वास येतो म्हणतात. शिळ्याला येतो. होडीतून उतरलेल्या बांगड्याला समुद्राचा वास असतो, तो वेगळा.

मुडदुशी मागा. मुंबईत लेडी फिश म्हणतात ती. बोटभर रुंद, पांढरी, गोडसर. रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केलेली मुडदुशी एकदा खाल्लीत की पापलेटचा हट्ट निम्मा कमी होतो. पेडवे आणि तारले हे गरिबांचे मासे, हॉटेलच्या पाटीवर सहसा नसतात, पण घरच्यांसाठी केलेले असतात. धीर करून विचारा. केळीच्या पानात घालून भाजलेले पेडवे कोणी दिले तर समजा की तुम्ही आता गिऱ्हाईक राहिला नाहीत.

सुरमई मिळते, तुकडीवर विकली जाते. मोरीचं मटण, म्हणजे छोट्या शार्कचा रस्सा, मालवणात मानाचं आहे आणि काटे नसल्यामुळे नवख्यांना सोयीचंही. कर्ली मात्र जपून. चव अशी की अंगणात वास आला तरी भूक लागावी, पण काटे इतके की जेवताना बोलायचं नाही. आमच्याकडे कर्लीच्या पंगतीत भांडणंसुद्धा होत नाहीत.

सकाळी लवकर किनाऱ्यावर गेलात तर रापण ओढताना दिसेल. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून आणतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, कधी कधी 40-50 जण. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. दोरीला हात लावायला कुणी नाही म्हणत नाही, पण फोटोपुरता हात लावून बाजूला होऊ नका. लावलात तर शेवटपर्यंत ओढा. त्या जाळ्यात जे निघालं तेच दुपारी आसपासच्या घरांत शिजतं.

आम्हाला पापलेटच हवं. मिळेल ना?

मिळेल. इथे त्याला सरंगा म्हणतात. फेब्रुवारीत तो कमी येतो आणि भाव चढलेला असतो. पाटीवर दराच्या जागी ‘साईझप्रमाणे’ असं लिहिलेलं दिसलं की मासा समोर आणायला सांगा, वजन विचारा, भाव विचारा आणि मगच हो म्हणा. यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या आया बाजारात हेच करतात.

मी स्वतः फसलेय म्हणून सांगते. नवऱ्याच्या कचेरीतले चौघे पाहुणे आले होते. समुद्र दिसतो म्हणून एका झकपक जागी नेलं आणि तोऱ्यात सांगितलं, ‘चार सरंगे, मोठे.’ इथलीच बाई, मी काय भाव विचारणार! बिल आलं तेव्हा नवरा समुद्राकडे बघत बसला. आणि सरंगे? बाहेरून मसाला जळलेला, काट्यापाशी कच्चे. हॉटेलाचं नाव सांगणार नाही, चूक माझ्याही तोऱ्याची होती.

कुर्ल्या, तिसरे, कालवं कधी चांगली मिळतात?

कुर्ल्या म्हणजे खेकडे; तिसरे आणि कालवं म्हणजे शिंपल्यांत मिळणारे जीव. यासाठी कॅलेंडरावरची तिथी बघा, वार नव्हे.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही लांबवर. एरवी पाण्याखाली असलेले खडक आणि खाडीतले चिखलाचे पट्टे तेव्हा उघडे पडतात. बायका कोयता-टोपली घेऊन कालवं काढायला आणि तिसरे वेचायला तेव्हाच जातात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फारसं हटत नाही आणि टोपल्याही रिकाम्या येतात. उधाणाच्या दिवसांत मागितलेत तर तिसऱ्यांचं सुकं ताजं मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, दोन्ही वेळा. साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशोब धरू नका, पण माझे वडील आयुष्यभर यावर चालले.

कुर्ल्यांचं गणित वेगळं. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असं इथलं प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल. विकत घेताना हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, आकाराच्या मानाने जड ती चांगली. हॉटेलात तुम्ही उचलू शकत नाही, तेव्हा मालकाला विचारा, ‘भरलेल्या असत काय?’ खरं सांगणारे पुष्कळ आहेत. कुर्ल्यांचा रस्सा आयत्या वेळी होत नाही, सकाळीच सांगावं लागतं.

मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं?

अख्खा बघायला मिळाला तर डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ल्याखाली लाल हवं, बोट दाबलं की खड्डा भरून यावा. ताटात आलेल्या माशाची एक खूण आहे. ताज्या माशाचं मांस काट्यापासून पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं, शिळ्याचं पिठासारखं भुगा होतं. आणि मसाला फ्रायमध्ये मासा दिसेनासा झाला असेल तर एवढा मसाला कशासाठी लावला असेल, याचा विचार करा.

थाळीत काय येतं? कालवण, आमटी, तिखलं, सार, हे सगळं एकच का?

एकच नाही. अलिबागकडे आणि कोळी घरांत माशाचा रस्सा म्हणजे कालवण, गोव्यात हुमण. आमच्याकडे ओल्या खोबऱ्याच्या वाटपाचा पातळ रस्सा भातावर घ्यायचा, आणि तिखलं हे दाटसर, कमी खोबऱ्याचं किंवा खोबऱ्याशिवाय, भाकरीबरोबर खायचं. आंबटपणाला चिंच नाहीतर सोलं, म्हणजे आमसुलं. बांगडा-तारल्यांना तिरफळ हवंच. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. हे कुणी सांगत नाही, आणि मग पाहुण्यांची जीभ बधिर होते.

साध्या थाळीत तळलेला एक मासा, रस्सा, कधी सुकटीची किंवा कोलीमाची (जवळ्याची) कोशिंबीर, भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी. वडे मागितले तर बहुतेक ठिकाणी मिळतात, पण वड्यांची खरी जोडी कोंबडीच्या सागोतीशी, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपाच्या रश्शाशी. माशाबरोबर भाकरीच घ्या.

सोलकढीवर मात्र मी जागा जोखते. कोकमाचं आगळ (मीठ घालून टिकवलेला रस) आणि नारळाचं पहिलं दूध, लसूण, हिरवी मिरची, मीठ. संपलं. रंग फिकट गुलाबी असतो, थोडासा मळकट म्हणावा असा. वाटीत झगझगीत गुलाबी काही आलं तर ते रंगाचं नाहीतर पावडरीचं. थोडा वेळ ठेवली की पाणी आणि दूध वेगळं दिसायला लागतं, ते बिघडलं नाही, तसंच असतं. चमच्याने हलवा. कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही पिता ते गेल्या उन्हाळ्याचं आगळ. ते वर्षभर जपून ठेवलेलं घर असेल तर बाकीचं जेवणही बहुधा तसंच निगुतीचं.

समुद्र दिसेल अशा जागी जेवायचंय. कुठे बसू?

चहा प्यायला बसा. मावळतीला, साडेसहाच्या थोडं आधी. सूर्य फेब्रुवारीत साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान पाण्यात जातो. मालवणात असाल तर समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसेल. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. त्या उजेडात तटाची रेघ काळी होत जाते ती बघण्यासारखी असते.

जेवायला आत या. गल्लीत, माडांच्या बागेत, कुणाच्या तरी पडवीत. समुद्र दिसणाऱ्या टेबलाचं भाडं तुमच्या माशातून वसूल होतं, हे माझं ठाम मत आहे. माझी बहीण यावर माझ्याशी भांडते. तिच्या मते एवढ्या लांबून आलेल्या माणसाने भिंतीकडे तोंड करून का जेवावं? तिचंही खोटं नाही. दोन दिवस असाल तर एक जेवण तिच्या मताने करा, एक माझ्या.

देवबागला एक सोय आहे. जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदीकडच्या अंगणात बसलात तर पाणीही दिसतं आणि वाळू ताटात उडत नाही.

आधी फोन करावाच लागतो का?

मोठ्या हॉटेलात नाही. घरगुती जागी हो, आणि सकाळी 9 च्या आत. दुपारचं जेवण सकाळी ठरतं, कारण बाजार सकाळी होतो. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, तिखट किती चालेल, किती वाजता येणार, एवढं सांगा. कोंबडी-वडे हवे असतील तर गावठी कोंबडीसाठी आदल्या दिवशी सांगा.

संभाषण साधारण असं होतं:

‘वहिनी, आज काय गावला?’

‘सरंगे नाय गावले. बांगडे असत, मुडदुशे असत. किती माणसा ती सांगा, तसा करूया.’

मालवणी येत नसेल तर मराठीत बोला, काही अडत नाही. पण ‘मेनू व्हॉट्सअ‍ॅप करा’ असं म्हणू नका. मेनू अजून टोपलीत असतो.

आणि सांगून टाळू नका. सहा माणसांचा मासा आणून, वाटप वाटून ठेवलेल्या बाईला दीड वाजता ‘आम्ही वाटेतच खाल्लं’ असा फोन येतो तेव्हा तिचा दिवस तोट्यात जातो. आगाऊ पैसे मागितले तर रागावू नका, अशाच फोनांमुळे ती पद्धत पडली.

जेवायला किती वाजता जावं?

दुपारी साडेबारा ते दोन. तीन वाजता पोचलात तर उरलंसुरलं मिळेल, आणि ते लोक त्या वेळी स्वतः जेवायला बसलेले असतात. रात्री साडेसात ते नऊ. दहानंतर मुंबईसारखं काही उघडं सापडेल अशा भरवशावर फिरू नका. ऑर्डर दिल्यावर अर्धा-पाऊण तास धरा. मासा तेव्हाच तव्यावर पडतो.

सोमवारी किंवा संकष्टीला मासे मिळतात का?

हॉटेलांत मिळतात. घरगुती जागा सोमवारी बंद असतात किंवा शाकाहारीच करतात, कारण करणाऱ्यांचाच वार असतो. गिऱ्हाईक कमी म्हणून त्या दिवशी बाजारात मासळीचा भाव जरा उतरतो, हा चतुर लोकांचा फायदा. मात्र ज्या घरी उतरलात तिथे वार पाळत असतील तर त्यांच्या चुलीवर मासा करायला लावू नका.

फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा असते. तेव्हा यावं का?

जत्रेसाठी यायचं तर जरूर या. मासे खायला यायचं तर ते दोन दिवस टाळा. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून दरवर्षी वेगळी येते, बहुतेक फेब्रुवारीत, कधी मार्चच्या सुरुवातीला. लाखांनी माणसं येतात. कोकण रेल्वेच्या गाड्या, एसटी, खोल्या, सगळं भरलेलं. चाकरमानी घरी आलेले असतात, आणि आपलंच घर पाहुण्यांनी भरलेलं असताना खाणावळ कोण चालवणार? तारीख जाहीर झाली की आधी ती बघा, मग सुट्टी टाका.

महाशिवरात्रीचंही तसंच. देवगड तालुक्यात कुणकेश्वरला जत्रा भरते, देऊळ थेट समुद्रालगत आहे आणि दर्शनाला जाण्यासारखं आहे. पण त्या दिवशी आसपास साबुदाण्याची खिचडी मिळेल, सुरमई नाही.

आमच्यात दोघं शाकाहारी आहेत. त्यांचे हाल होतील का?

फेब्रुवारीत त्यांचीच चंगळ असते, पण मागायचं काय हे माहीत नसल्यामुळे बिचारे पनीर खाऊन परत जातात. समुद्रकिनारी पनीर! तुम्ही मागवलंत तर देणारे देतात, दोष त्यांचा नाही.

मागायची ती ओल्या काजूची उसळ. काजू आता धरायला लागलेला असतो, आणि बी वाळण्याआधी कोवळा गर काढून बाजारात शेकड्यावर विकतात. ते सोलणं सोपं नाही. सालातला चीक हात भाजतो, बायका बोटांना तेल किंवा राख लावून बसतात. म्हणूनच ही उसळ महाग असते आणि घासाघीस करायची नसते. खोबऱ्याचं वाटप, थोडा मालवणी मसाला, आणि गर जेमतेम शिजलेले. मी मासे खाणारी, पण ताटात हे असलं तर बांगड्याकडे बघत नाही. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या जातींनी सगळ्या कोकणात काजूच्या बागा उभ्या केल्या. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात तर ही उसळ मिळण्याची शक्यता आणखी चांगली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र कधी मिळते, कधी नाही. अखेरीस बहुधा मिळतेच.

त्याखेरीज काळ्या वाटाण्याचं सांबारं वड्यांबरोबर किंवा आंबोळीबरोबर. कोवळ्या फणसाची, कुयरीची भाजी, महिनाअखेरीस. घावणे आणि गोड रस. सोलकढी आहेच. एवढं मात्र विचारून घ्या की तवा वेगळा आहे का. छोट्या जागी नसतो, आणि विचारलं तर ते खरं सांगतात.

हापूस मिळेल का?

मोहोर बघायला मिळेल. वाटेत बागांमधून त्याचा वास येईल, तेवढ्यावर समाधान माना. एखादी पेटी कुठेतरी दिसेल आणि भाव ऐकून तुम्ही गप्प बसाल. देवगडचा आंबा जिभेला लावायचा असेल तर एप्रिल धरा. फेब्रुवारीत आमरस देणाऱ्याकडे डब्यातला आहे, हे लक्षात ठेवून मागा.

मुलांना तिखट चालत नाही.

रवा फ्राय मसाल्याशिवाय, नुसतं मीठ-हळद-कोकम लावून करायला सांगा. वरण-भात सकाळच्या फोनवरच सांगून ठेवा, ऐन वेळी डाळ शिजलेली नसते. पहिल्यांदा मासा खाणाऱ्या पोरांना सुरमई किंवा मोरी द्या, काट्याची भीती बसली की पुढे दहा वर्षं हात लावत नाहीत.

साधारण खर्च किती?

बांगडा थाळी 200 ते 300 च्या आसपास, सुरमई 350-500, सरंगा त्याच्याही वर. हा अंदाज आहे, सुट्टीच्या दिवसांत आणि रस्ता समुद्राच्या जितका जवळ तितका आकडा वाढतो. भात-रस्सा पुन्हा मागितला तर बरेच ठिकाणी वेगळे पैसे घेत नाहीत, सोलकढीचे घेतात. देवबागच्या टोकाला मोबाईलची रेंज कधी जाते, म्हणून खिशात थोडी रोकड असू द्या. ‘पेमेंट फिरतंय’ म्हणत अंगणात फोन वर धरून उभी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

जेवणाबरोबर दारू?

परवाना असलेल्या ठिकाणी मिळते. घरगुती खाणावळीत मागू नका, बाटली बाहेर काढूही नका, शेजारच्या टेबलावर त्यांची सासू बसलेली असते. गोवा जवळ आहे म्हणून तिथून आणायचा विचार असेल तर परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे आणि बांदा-इन्सुलीला तपासणी होते.

बाजारातून मासा आम्हीच आणला तर करून देतात का?

काही जागी देतात, करणावळ घेऊन. आधी विचारा. आणि बाजारात जाताना ओळखीचं कुणी बरोबर असू द्या. मासेवाल्या मावशी गिऱ्हाईक बाहेरचं आहे हे चपलेवरून ओळखतात. तरीही एकदा जाऊन याच. साफ करून, तुकडे करून देतात, त्याचे थोडे पैसे द्यावे लागतात. डोकं टाकून देऊ नका, रश्शाला चव त्याची येते.

रात्री वाळूत बसून जेवता येईल का?

बसता येईल, पण हॅलोजन आणि गाणी लावून नको. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी घरटी राखतात, आणि फेब्रुवारीपासून पिल्लं बाहेर पडायला लागतात. पिल्लं उजेडाकडे जातात. रात्री समुद्रावर पाण्याची चमक असते म्हणून ती पाण्याकडे वळतात, आणि मागे तुमचा दिवा असला तर उलटी हॉटेलाकडे. एक कंदील पुरतो. पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या उचलून न्या, हे सांगायची वेळ यायला नको होती, पण येते.

घरी काय घेऊन जायचं?

जत्रेच्या दिवसांत आलात तर मालवणी खाजं, गूळ-आल्याचं. आगळाची बाटली, पण झाकणाला मेण किंवा चिकटपट्टी लावून, नाहीतर सूटकेसमधले कपडे गुलाबी होतात. मसाला घरी केलेला मिळाला तर थोडासाच घ्या. ताजा मसाला मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळवलेल्या मिरच्यांचा होतो, फेब्रुवारीत मिळतो तो वर्षाच्या शेवटचा. सुकी मासळी घ्यायची असेल तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर स्टीलचा डबा, त्यावर जुनं वर्तमानपत्र. एवढं करूनही वातानुकूलित डब्यात कणकवली सुटायच्या आत सगळ्यांना कळतं. मग शेजारचा विचारतो, ‘सुके बांगडे का? कुठून घेतलेत?’ आणि तुमचं चिपळूणपर्यंत बोलणं होतं.

एवढं सगळं सांगितलंत, पण हॉटेलाचं नाव एक तरी सांगा ना.

बाजारात जा. मासे विकणाऱ्या मावशीकडून अर्धा किलो काहीतरी घ्या, आणि तिलाच विचारा की या गल्लीत रांधतं कोण चांगलं. ती जिचं नाव घेईल तिला मासा कोण पुरवतं, तेही तिथेच विचारून घ्या.